२६० जीएसएमची ग्रो बॅग: सोसायटीच्या गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनी घ्यावी का?

गच्चीवर भाजी लावायचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला की आक्षेप दोनच येतात: गळती आणि वजन. दोन्ही आक्षेप खरे आहेत. तुम्ही कोणती पिशवी घेता आणि ती कशी ठेवता यावरच त्यांचं बरंचसं उत्तर ठरतं. म्हणून इथे एचडीपीई या चिवट प्लास्टिकच्या विणलेल्या ग्रो बॅगची, म्हणजे बाजारात ‘२६० जीएसएम, यूव्ही’ (यूव्ही म्हणजे उन्हाला टिकणारी) अशी विकली जाणारी हिरवी किंवा पांढरी गोल पिशवी, तिची तपासणी त्या नजरेने केली आहे. ती किती भाजी देते हे महत्त्वाचं आहेच. पण स्लॅबला धक्का न लावता ती वर्षानुवर्षं तिथे राहू शकते का, हे फ्लॅटमालकासाठी त्याहून महत्त्वाचं आहे, कारण गच्ची भिजली की परवानगी जाते.

निकाल आधीच सांगतो. १२ बाय १२ आणि १५ बाय १५ इंची पिशव्या जरूर घ्या. २४ इंची रुंद पिशवी कॉमन गच्चीवर नको. साधी काळी प्लास्टिकची, म्हणजे एलडीपीईची पिशवी एका हंगामापुरती ठीक. जिओ-फॅब्रिकची, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या जाड कापडाची पिशवी झाडाला सगळ्यांत मानवते, पण स्लॅबला सगळ्यांत कमी.

आता माप. फसवणूक सगळ्यांत जास्त इथेच होते, आणि बहुतेकदा दुकानदाराच्याही ध्यानात ती आलेली नसते. एचडीपीईच्या गोल पिशवीवर १२ बाय १२ लिहिलेलं असेल तर व्यास १२ इंच आणि उंची १२ इंच. तिच्यात काठोकाठ साधारण २२ लिटर मिश्रण मावतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीचं माप मात्र पुष्कळदा चपटं दिलेलं असतं. १२ इंच रुंदीची चपटी पिशवी उघडून गोल केली की व्यास उरतो जेमतेम साडेसात इंच, आणि मावतं सुमारे ९ लिटर. आकडा तोच, माती निम्म्याहून कमी. अशा पिशवीत लावलेलं वांगं तीन-चार फळांनंतर थांबतं, मग दोष बियाण्याला दिला जातो. ऑनलाइन घेताना ‘व्यास’ हा शब्द लिहिलेला आहे का ते पाहा. नसेल तर विचारा.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. १२ बाय १२ पिशवीला बाजू आणि तळ मिळून सुमारे ०.३६५ चौरस मीटर कापड लागतं. २६० जीएसएम खरं असेल तर त्याचं वजन ९५ ग्रॅम, त्यावर शिवणीची दुमड आणि बंद धरून रिकामी पिशवी १०० ते ११० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. १५ बाय १५ची पिशवी १५० ग्रॅमच्या वर. छोटी पिशवी ७० ग्रॅम भरली तर ती १८० जीएसएमची आहे, वर काहीही छापलेलं असो. दहा पिशव्यांचा गठ्ठा आला की एक-दोन तरी काट्यावर ठेवाच.

आता पिशवी उलटी करून तळ पाहा. या मालाचं आयुष्य कापडापेक्षा शिवणीवर ठरतं. चांगल्या पिशवीत तळाचं वर्तुळ आणि बाजूचं कापड आत दुमडून, वरून पट्टी लावून दुहेरी टाका घातलेला असतो. बोट फिरवलं तर कच्ची कड कुठेच लागत नाही. स्वस्त मालात एकच टाका असतो आणि दुमड जेमतेम बोटाच्या पेराएवढी. मग होतं असं: कापड यूव्हीला टिकणारं, पण दोरा साधा. दोन उन्हाळे गेले की कापड शाबूत आणि शिवण पिठासारखी. भरलेली पिशवी उचलायला जाता, बंद हातात येतो आणि माती पायावर. विकत घेताना दोऱ्याचं एक टोक नखाने खरवडून ओढून पाहा. तुटक, केसाळ दोरा निघाला तर ती पिशवी उन्हासाठी नाही. आतल्या बाजूचा लॅमिनेशनचा थर चकचकीत आणि सलग असावा. तो सुटलेला दिसला तर काही महिन्यांत विणीचे धागे उसवून मातीत मिसळतात आणि मग हाताने वेचत बसावं लागतं.

छिद्रांची गोष्टही नीट पाहण्यासारखी. बऱ्याच पिशव्यांना तळाच्या मधोमध चार-सहा छिद्रं असतात. सपाट लादीवर पिशवी ठेवली की तळ चिकटून ती बंद होतात. त्याऐवजी तळापासून अर्धा-पाऊण इंच वर, बाजूला, चारही दिशांना कड्या बसवलेली छिद्रं हवीत. तशी नसतील तर गरम केलेल्या खिळ्याने बाजूला सहा छिद्रं पाडा. खिळा गरमच हवा, म्हणजे कड वितळून बसते आणि वीण उसवत नाही. कात्री लावू नका.

रंगाबद्दल एवढंच की बाहेरून पांढरी, आतून काळी पिशवी विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाला बरी. बाहेरून काळी असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी कडेची माती इतकी तापते की कडेची मुळं जळतात. पिशव्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर फक्त बाहेरच्या ओळीला ऊन लागतं, हा साधा उपाय.

आता वजन. भारतीय मानक आयएस ८७५च्या दुसऱ्या भागात, ज्या सपाट गच्चीवर माणसांचा वावर असतो तिच्यासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो चलभार धरलेला असतो. वावर नसलेल्या छपरासाठी तोच ०.७५ किलोन्यूटन. म्हणजे जिथे जिना जात नाही, फक्त शिडीने जाता येतं अशा छपरावर बाग करायचा विचारच सोडून द्या. बाकी गच्चीवर या १५० किलोंत माणसं, साचलेलं पाणी आणि तुमच्या पिशव्या, सगळं आलं. त्यातून पुष्कळ इमारतींत गळती थांबवायला जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवलेला असतो आणि त्याचं वजन आधीच स्लॅबवर बसलेलं असतं.

हिशेब असा. १२ इंची पिशवी वरून दोन बोटं सोडून भरली की १९ लिटर मिश्रण. कोकोपीट ४० टक्के, कंपोस्ट किंवा गांडूळखत ३५ टक्के आणि माती २५ टक्के धरली तर चिंब भिजल्यावर लिटरला साधारण १.१ किलो, म्हणजे पिशवीमागे २० ते २२ किलो. चौरस मीटरला चार ठेवल्या तर ८८ किलो. दोन ओळींमध्ये अडीच फुटांची वाट सोडली की सरासरी आणखी खाली येते. हीच पिशवी निव्वळ मातीने भरली तर ३४ किलो. चौरस मीटरला सहा दाटीने लावल्या तर २०० किलोंच्या वर. म्हणजे पिशवी तीच, इमारत तीच, फक्त भरणं चुकलं आणि मर्यादा ओलांडली. १५ इंची पिशवीत ३९ लिटर, भिजल्यावर ४२-४३ किलो. चौरस मीटरला दोनच ठेवा. आणि ती २४ बाय १२ची रुंद पिशवी, पालेभाजीसाठी म्हणून जाहिरातीत दिसणारी? हलक्या मिश्रणानेही ती ८५ किलोंपर्यंत जाते, मातीने भरली तर सुमारे १४० किलो, तेही पाव चौरस मीटरपेक्षा थोड्या जास्त जागेत. दोघांनी मिळूनही ती हलवता येत नाही, म्हणून तिच्याखालचा स्लॅब वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. नको म्हणतो ते यासाठी.

हलक्या मिश्रणाची कल्पना काही नवी नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचं चिपाड आणि प्लास्टिकच्या पिशव्या वापरून शहरी शेतीचा प्रसार केला, कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून माती घडवायला शिकवलं आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराचाच ओला कचरा वापरून बाग उभी केली. कोकोपीट मिळत नसेल तर रसवंतीचं वाळवलेलं चिपाड आणि सुका पाला वापरा. फक्त ते कुजताना पिशवीतली पातळी एका हंगामात तिसऱ्या हिश्शाने खाली बसते, भर घालत राहावी लागते.

पाच किलोची कोकोपीटची वीट २५ लिटर पाण्यात भिजवली की ६० ते ७० लिटर होते. दहा छोट्या पिशव्यांना, बसण्याची तूट धरून, २३० लिटर मोकळं मिश्रण लागतं: दीड वीट, ४५ ते ५० किलो गांडूळखत आणि पाऊणशे किलो कोरडी माती. माती लाल घ्या. काळी माती पावसात चिकट गोळा होते आणि उन्हात भेगा पडून पिशवीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली वाहून जातं आणि मूळ कोरडंच राहतं. वीट ‘धुतलेली, लो ईसी’, म्हणजे कमी क्षारांची, अशी मागा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये खारटपणा राहतो, रोपांच्या पानांची टोकं करपतात. घरी धुवायची असेल तर गोणपाटात भरून पाणी घालत राहा. सुरुवातीला कोऱ्या चहासारखं निघणारं पाणी फिकट झालं की पुरे. पिशवीमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. तळाशी खडी, विटांचे तुकडे घालायची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओल साचण्याची पातळी मुळांच्या जवळ सरकते आणि वजन वाढतं. तळाला नारळाच्या काथ्याची पातळ गादी पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. भरल्यावर दोनदा भरपूर पाणी देऊन दहा दिवस तशीच ठेवा. अर्धवट कुजलेलं खत याच दिवसांत तापतं. त्यात लगेच रोप लावलं तर दोन दिवसांत मान टाकतं.

कशात काय लावायचं याबद्दल थोडक्यात. नऊ इंची पिशवीत मेथी, कोथिंबीर, पुदिना. बारा इंचीत एक मिरची किंवा एक ढोबळी. पंधरा इंचीत एक टोमॅटो, एक वांगं, किंवा भेंडीची दोन रोपं. दुधी, दोडका, कारलं यांना अठरा इंची पिशवी लागते, पण ती ७५ ते ८० किलोंची होते, म्हणून ती फक्त कॉलमच्या डोक्यावर, कोपऱ्यात. मंडपासाठी कठड्याला भोकं पाडू नका. सिमेंटने भरलेल्या डब्यात बांबू उभे करून दोरीने बांधा.

पाण्याची गोष्ट एचडीपीईच्या बाजूने जाते. या पिशवीच्या बाजूने पाणी झिरपत नाही, म्हणून मे महिन्यात बारा इंची पिशवीला दिवसाला दीड-दोन लिटर पुरतं. जिओ-फॅब्रिकच्या पिशवीला तेवढंच पाणी सकाळ-संध्याकाळ वेगवेगळं द्यावं लागतं, शिवाय बाजूंवर क्षारांचे पांढरे पट्टे उठतात आणि खालची लादी कायम ओली राहते. उलट पावसाळ्यात जिओ-फॅब्रिक जिंकते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा एचडीपीईत वाफसा, म्हणजे माती ओली पण हवा खेळती, टिकवणं अवघड जातं; छिद्रं नीट नसतील तर मिरची पिवळी पडून खालून कुजते. पुण्या-नाशकात हा त्रास बराच कमी. कोकणपट्टीत राहत असाल तर जून ते सप्टेंबर निम्म्या पिशव्या रिकाम्या ठेवा, बाकीच्यांत भेंडी आणि अळू लावा. वीस पिशव्यांना उन्हाळ्यात रोज ३० ते ४० लिटर पाणी लागेल, आणि टँकर येणाऱ्या सोसायटीत यावरूनच पहिलं भांडण होतं. एसीचं टपकणारं पाणी साठवून वापरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओचं टाकाऊ पाणी मात्र एकट्याने वापरू नका. निम्मं साधं पाणी मिसळलं आणि महिन्यातून एकदा पिशवी साध्या पाण्याने खळखळून धुऊन काढली तरच चालतं.

आता परवानगीचा भाग. इथे लोकांच्या डोक्यात बराच गोंधळ असतो. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या कायद्याने, २०१६ साली, ‘सामायिक क्षेत्रा’च्या व्याख्येत गच्चीचा नाव घेऊन समावेश केला आहे. त्याच कायद्यात, एखाद्या फ्लॅटला जोडून फक्त त्याच्याच वापरासाठी दिलेल्या उघड्या गच्चीची वेगळी नोंद आहे. तुमच्या करारनाम्यात यांतली कोणती आहे ते आधी पाहा. जोडगच्ची असेल तर तिचा वापर तुमचा, पण तिच्याखालचा स्लॅब हे खालच्या घराचं छत आहे आणि त्याची जबाबदारी तुम्हाला झटकता येत नाही. कॉमन गच्ची असेल तर ती सगळ्यांची सारखी. शेवटच्या मजल्यावर राहता म्हणून तुमचा हक्क जास्त होत नाही, आणि तळमजल्यावर राहता म्हणून कमीही होत नाही. सेक्रेटरी तोंडी ‘लावा हो’ म्हणाले यावर पिशव्या चढवू नका. कमिटी बदलली की तो होकारही जातो. सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या.

अर्जात या गोष्टी असल्या की विरोध निम्मा मावळतो: गच्चीचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यात पिशव्यांच्या जागा, पिशव्यांची संख्या, प्रत्येकीचं भिजलेलं वजन आणि चौरस मीटरमागचा हिशेब, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचं दार आणि पन्हळीचं तोंड यांच्यापासून तीन फूट जागा मोकळी ठेवल्याची नोंद, वॉटरप्रूफिंगचं काम निघालं तर १५ दिवसांत स्वखर्चाने सगळं हलवण्याचं हमीपत्र. मुदत सहा महिन्यांची मागा, कायमची नको. उंच इमारतींतल्या आगीच्या वेळच्या आसऱ्याच्या मजल्यावर एकही पिशवी ठेवायची नाही. तिथे परवानगी मागूही नये. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालाची प्रत जोडा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं, त्यामुळे अहवाल मागण्याचा सभासद म्हणून तुम्हाला पूर्ण आधार आहे. कारण न देता नकार मिळाला तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा रस्ता आहे, पण दहा पिशव्यांसाठी तो फार लांबचा. गच्चीच्या एका कोपऱ्यात चार घरांनी मिळून सहा महिने करून दाखवणं जास्त उपयोगी पडतं.

नव्या इमारतीत एक काळजी जास्त घ्यावी लागते. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला तर विकासकाने ३० दिवसांत, पैसे न घेता तो दुरुस्त करायचा, असं रेराचं कलम १४ सांगतं. गच्चीवर थेट वाफे बांधले, माती पसरली, कठड्याला खिळे ठोकले, तर ‘गळती तुमच्या बागेमुळे’ म्हणायला त्याला आयतं निमित्त मिळतं. सुटी, उचलता येणारी पिशवी आणि तिच्याखालची मोकळी जागा हाच इथे तुमचा पुरावा. पिशव्या चढवण्याआधी पन्हळी बुजवून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास साठवा, खालच्या घरांच्या छताचे तारखेसह फोटो काढा आणि ते कमिटीला द्या. पुढे कधी ओल आली तर ती आधीची की नंतरची, यावर वाद उरत नाही.

मुंबईतल्या जुन्या इमारतींतल्या खिडकीबाहेरच्या फ्लॉवर बेडबद्दल वेगळं सांगायला हवं. ते भिंतीतून बाहेर काढलेले कँटिलिव्हर स्लॅब आहेत. त्यांत माती भरून रोज पाणी घातलं की आतली सळई गंजते, सिमेंटचे पोपडे सुटतात आणि ते खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर पडतात. तिथे माती भरू नका. नऊ इंची हलक्या पिशव्या स्टँडवर, तेवढंच. कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर तर काहीच टांगायचं नाही.

पिशवी लादीवर थेट ठेवणं ही सगळ्यांत मोठी चूक. खाली ओल कोंडते, चायना मोझॅकच्या सांध्यांतून मुळं आत शिरतात आणि पिंपळाचं एखादं रोप कधी रुजलं ते कळतही नाही. दोन विटांवर ठेवली तर निदान हवा खेळते, पण वीट पाणी धरून ठेवते. उत्तम म्हणजे सहा इंच उंचीचा लोखंडी किंवा पीव्हीसीचा स्टँड. लोखंडी पायांखाली चार बाय चार इंचाची पट्टी हवीच, नाहीतर भार एका टोकावर येऊन कोब्यात खळगा पडतो. खाली झाडू फिरला पाहिजे, ही स्टँडची खरी कसोटी. पिशव्यांखाली पाणी धरायला थाळ्या ठेवल्या तर आठवड्यातून एक दिवस सगळ्या पालथ्या घाला. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी ते डास ही वाटचाल आठ-दहा दिवसांत पूर्ण होते आणि पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी नेमक्या याच थाळ्या तपासून नोटीस देतात. थाळीच ठेवली नाही तर सगळ्यांत बरं.

बंगला किंवा रो-हाऊस असेल तर वजनाचा प्रश्न जातो आणि जमिनीत थेट लावता येतं. मात्र स्वतःच्या अंगणात लावलेलं झाडही तोडायचं म्हटलं तर महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आंबा भिंतीला खेटून लावण्याआधी हा विचार करा. कोंबड्या ठेवायच्या असतील तर आधी पालिकेत चौकशी करा. वाण्याकडून आणलेली खसखस मात्र कुंडीतही पेरू नका. अफूच्या झाडाची लागवड परवान्याशिवाय केली तर तो अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती एक कुंडी का असेना.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हा विषय वेगळ्या दारातून भेटतो. फ्लोरिडात मायामी शोअर्स गावाने घरासमोरच्या अंगणात भाजी लावायला बंदी केली, हर्मिन रिकेट्स आणि टॉम कॅरल हे दांपत्य त्याविरुद्ध कोर्टात हरलं, आणि शेवटी २०१९ मध्ये राज्याने कायदा करून शहरांचा हा अधिकार काढून घेतला. तो कायदा शहरांना आणि काउंट्यांना लागू आहे, घरमालकांच्या असोसिएशनला नाही. तिथेही शेवटी असोसिएशनचे नियम वाचावेच लागतात.

सोसायटीला पटवायचा आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. पन्नास घरांचा ओला कचरा गच्चीवरच्या पिशव्यांत पूर्ण जिरणार नाही, पण खताला गिऱ्हाईक घरातच आहे हे दिसलं की खताची टाकी बंद पडत नाही.

पहिल्यांदा घेताय तर बारा इंची दहा आणि पंधरा इंची चार, एवढ्याच घ्या. स्टँडचे पैसे पिशव्यांपेक्षा जास्त होतील. ते वाचवू नका, वाटल्यास पिशव्या कमी घ्या. एलडीपीई याहून बरीच स्वस्त पडते, पण उन्हात तिला वर्ष-दीड वर्षात चिरा जातात आणि प्लास्टिकचे तुकडे मातीत राहतात. एचडीपीईची चांगल्या शिवणीची पिशवी चार-पाच हंगाम सहज देते, तेही दर हंगामाअखेर रिकामी करून, धुऊन, सावलीत वाळवली तर. रिकाम्या पिशव्या उन्हात पडू देऊ नका. जुनं मिश्रण ताडपत्रीवर पसरून चार दिवस ऊन द्या, गाठी आलेली मुळं दिसली तर तेवढं मिश्रण सूत्रकृमीचं, म्हणजे मुळांना गाठी आणणाऱ्या बारीक जंतांचं, समजून बाजूला काढा, बाकीच्यात चौथा हिस्सा नवं खत मिसळून पुन्हा भरा. हे काम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करा. तेव्हा गच्ची पूर्ण मोकळी असते, कमिटीच्या माणसाला वर बोलावून कोबा, सांधे आणि पन्हळी दाखवता येतात, आणि पाऊस यायच्या आत कुठे भेग दिसली तर ती भरायला आठ-दहा दिवस हाताशी राहतात.